तालुक्याच्या गावात फ्लॅट घ्यायचा आहे, बिल्डिंग चांगली की वाईट हे सरकारी कागदावरून कळते का?

पूर्णाकाठ:
राजेहो, सल्ला पाहिजे. जरा लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

आई गावी एकटी राहते. गाव पूर्णेच्या पट्ट्यातलं, पावसाळ्यात नाला भरला की दोन-दोन दिवस रस्ता बंद, आन् तिचे गुडघे आता डॉक्टरकडे एसटीनं जायच्या लायकीचे राहिले नाहीत. म्हणून तालुक्याला छोटा फ्लॅट पाहून राहिलो. गावाचं नाव मुद्दाम नाही देत, लहान गाव आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. बजेटमध्ये दोनच बिल्डिंगी बसतात. एकीला नवी म्हणू, सहा वर्षांची, खाली दोन दुकानं, वर चार मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट, बाहेरून एकदम चकाचक, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला आहे. दुसरी जुनी, अठरा वर्षांची, तीन मजले, लिफ्ट नाही, रंग उडालेला, तिथंही पहिलाच मजला. जुनीच्या नगर परिषदेत दोन तक्रारी झालेल्या आहेत असं एकानं सांगितलं, म्हणून मी ती मनातून काढूनच टाकली होती. नवीची एकही तक्रार नाही.

आता मुद्दा. भाचा न्यूयॉर्कला शिकते. रूम घ्यायच्या आधी त्यानं नुसता पत्ता टाकला आन् बिल्डिंगची पूर्ण कुंडली समोर आली. तिथं शहराचं घरांचं खातं आहे, एचपीडी म्हणतात. भाडेकरू ३११ वर फोन करते, इन्स्पेक्टर येऊन पाहते, नियम मोडला असंल तर व्हायोलेशन लिहिते आन् त्याला दर्जा देते. ए म्हणजे किरकोळ, बी म्हणजे धोक्याचं, सी म्हणजे ताबडतोब धोक्याचं. दुरुस्तीला ए साठी ९० दिवस, बी साठी ३०, सी मधल्या बऱ्याचशा गोष्टींना २४ तास. थंडीत घर गरम न ठेवणं हेही सी मध्येच, १ ऑक्टोबर ते ३१ मे दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात ६८ असलंच पाहिजे असा नियम आहे. हे सगळं कोणालाही पाहता येते, २०१२ मध्ये शहरानं आपला डेटा लोकांसाठी खुला करायचा कायदाच केला. मग लोक तो डेटा घेऊन बिल्डिंगीला मार्क देतात.

आपल्याकडे असं काही आहे का? निदान तालुक्यात? फोन करून कोणाला विचारावं तं प्रत्येकाचा साळा नाहीतर मावसभाऊ बिल्डर निघते.

अकोट_ते_टोरंटो:
दादा, मी अकोटचाच, आता टोरंटोत. इथं तर महापालिका स्वतःच मार्क देते. रेंटसेफटीओ नावाचा कार्यक्रम आहे, २०१७ पासून. तीन किंवा जास्त मजले आणि दहा किंवा जास्त घरं असलेल्या भाड्याच्या सगळ्या बिल्डिंगी त्यात येतात, साडेतीन हजारांच्या वर आहेत. इन्स्पेक्टर येऊन जिना, लिफ्ट, कचऱ्याची जागा, बाहेरच्या भिंती, छत अशा एकेका गोष्टीला गुण देतो, बेरीज टक्क्यांत, आणि ती वेबसाईटवर.

पण मी स्वतः मार्क पाहून घर घेतलं आणि फसलो ते सांगतो. मार्क झकास होते, आत गेलो तर स्वयंपाकघरात झुरळंच झुरळं आणि बाथरूमच्या छतातून पाणी. नंतर कळलं की तपासणी मुख्यतः सामायिक जागांची होते, घराच्या आत काय चाललंय ते त्या आकड्यात फारसं येतच नव्हतं. लोकांनी बोंब मारल्यावर २०२३ मध्ये पद्धत बदलली, महत्त्वाच्या गोष्टींना जास्त वजन दिलं आणि न मिटलेल्या नोटिसांमुळे मार्क कमी व्हायला लागले. तेव्हा आकडा पाहण्याआधी तो कशाकशाची बेरीज आहे ते पाहायचं. आणि तक्रारी मोजताना घरांच्या संख्येनं भागायचं. दोनशे घरांच्या बिल्डिंगीत चाळीस तक्रारी आणि सहा घरांच्या बिल्डिंगीत दहा, यात वाईट दुसरी आहे. तुमच्या भाच्याला हेही सांगा की न्यूयॉर्कमध्ये दुरुस्ती झाली असं बऱ्याचदा मालक स्वतःच लिहून देतो, त्यामुळे "मिटली" लिहिलेलं दिसलं म्हणून खरंच मिटली असं धरू नये, तोच दोष पुन्हा-पुन्हा येतोय का ते पाहावं.

साईटवरचा:
मी सिव्हिल वाला, वीस वर्षं अमरावती-अकोला पट्ट्यात साईटवर आहे. आपल्याकडे मार्क नाहीत पण कागद आहेत, फक्त एका जागी नाहीत, पाच जागी फिरावं लागतं.

पहिलं महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. रेरा कायदा २०१६ चा, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅटही आठच्या वर असतील तर नोंदणी सक्तीची. तालुक्याला एवढ्या बिल्डिंगी बरोब्बर आठ फ्लॅटच्या का असतात ते यावरून समजून घ्या, फ्लॅट आठच ठेवायचे, मग नोंदणीच नको. तुमच्या नवीत बारा आहेत, प्लॉटही ५०० च्या वर असेल तर नोंदणी असायलाच पाहिजे. वेबसाईटवर नाव टाका, मंजूर मजले किती, फ्लॅट किती, आर्किटेक्ट कोण, इंजिनियर कोण, दर तिमाहीला प्रगती भरली का, कोर्टकचेरी चालू आहे का, सगळं दिसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा आहे.

मोठ्या शहरात जुन्या बिल्डिंगीचे वर्ग आहेत, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडा, सी-२ए रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. महापालिका पावसाळ्याआधी यादी काढतात. महापालिका हद्दीत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगीला स्ट्रक्चरल ऑडिट पण आहे. पण वय पाहून निश्चिंत होऊ नका. महाडची तारिक गार्डन आठवा, २४ ऑगस्ट २०२०, पाच मजली, १६ माणसं गेली, आणि ती बिल्डिंग दहा वर्षांची सुद्धा नव्हती. महाड पण नगर परिषदेचंच गाव आहे.

आणि एक, तुमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. काँक्रिट कोणत्या पाण्यात कालवलं हे कोणत्याच कागदावर सापडणार नाही. आयएस ४५६ या काँक्रिटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रिटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. तुमच्याकडच्या बोअरचं पाणी सरळ वापरलं असेल तर आतला गज गंजतो, फुगतो, आणि वरचं काँक्रिट फोडून बाहेर येतो. वरून काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया वरच्यावर ठेवला असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. तेव्हा कागद पाहा आणि खांबाचा बुड पण पाहा.

जुना_बाबू:
पूर्णाकाठ भाऊ, मी नगर परिषदेत बत्तीस वर्सं नोकरी केली, बांधकाम अन् कर दोन्ही टेबलं पाह्यले. तुमाले जे पाह्यजे थे सगळं तिथं हाये, बस्त्यात बांधलेलं. मांगाचं कसं थे मी सांगतो.

पह्यले मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी अन् भोगवटा प्रमाणपत्र, ज्याले तुम्ही ओसी म्हनता. ओसी नसन तं बाकी कितीबी चकाचक असू द्या, कागदावर थे घर पूरं झालंच नाई. लोक म्हनते कर भरून राह्यलो ना, मंग कायदेशीरच हाये. नाई बावा. कर तं बेकायदेशीर घरालेबी लागते. कराची पावती नीट पाह्यजा, त्यात अनधिकृत बांधकामाची शास्ती, म्हंजे दंड, असा रकाना भरला असन तं समजून घ्या का नगर परिषदेनं बांधकाम अनधिकृत धरलं हाये. थो एक रकाना मी हजार वेळा भरला, अन् घेनाऱ्या मानसानं थो वाचून इचारलं असं मले दोन-तीन वेळाच आठवते.

जागेसाठी आखीव पत्रिका, म्हंजे जागेचा उतारा काढा, जागा नझूलची म्हंजे सरकारी असन तं पट्टा कधी संपते थे पाहा, भोगवटदार वर्ग-२ असन तं परवानगीशिवाय इकता येत नाई. तक्रारी पाहाच्या तं आवक रजिस्टर मांगा.

जाच्या आधी हे ध्यानात ठेवा, २०१८ पासून शासनाचा निर्णय हाये, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकाले अभिलेख पाहाले द्या म्हनून. नाई दाखवलं तं माहितीचा अधिकार, १० रुपये फी, दीडशे शब्दाच्या आत, एका अर्जात एकच इषय, ३० दिवसात उत्तर. "सगळी माहिती द्या" असं नोका लिहू, नस्तीतल्या, म्हंजे फायलीतल्या, कागदाचं नाव घेऊन मांगा.

वरूडची_ताई:
तक्रार नाही म्हणून नवी चांगली, या एका वाक्यावर मला बोलायचंच आहे भाऊ. मी राहते त्या बिल्डिंगीची पण एकही तक्रार कुठं नाही. साडेचार वर्षं झाली ताबा घेऊन, दुसऱ्या पावसाळ्यापासून हॉलच्या स्लॅबमधून पाणी गळते, खाली परात ठेवतो आम्ही. पण मीटिंगमध्ये ठरलं की लेखी काही द्यायचं नाही, कारण फ्लॅटचे भाव पडतील आणि दोघांना विकायचे आहेत. मी एकदा अर्ज लिहून नेला तर माझ्या मिस्टरांना रस्त्यात थांबवून समजावलं गेलं की वहिनींना जरा सांगा. आता उद्या कोणी आमच्या बिल्डिंगीचा रेकॉर्ड काढून मार्क दिले तर शंभरपैकी शंभर येतील, आणि परात तर रोज भरते.

साईटवरचा:
ताई, साडेचार वर्षं म्हणालात ना, उद्याच लिहा. रेराच्या कलम १४ मध्ये आहे, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. सोसायटीची सही लागत नाही, तुमच्या फ्लॅटचं तुम्ही लिहा, फोटो तारखेसकट, रजिस्टर पोस्टानं, पोच जपून ठेवा. सहा महिन्यांनी हे हातून जाईल.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. सोमवारी सुट्टी टाकून गेलो होतो, आता जसं घडलं तसं सांगतो.

तीन वाजता पोचलो. टेबलावरच्या ताईंनी आधी विचारलं की कशाला पाहिजे, मी खरंखरं सांगितलं की आईसाठी फ्लॅट पाहून राहिलो, मग त्यांनी स्वतः उठून लाल कापडातला बस्ता सोडला. धूळ एवढी की दोघंही खोकलो. नवीचा नकाशा उलगडला, घड्यांवर फाटत आलेला, कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का. मी बोट ठेवून मजले मोजले. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर तीन फ्लॅट, नऊ. पुन्हा मोजले. नऊच. जागेवर चार मजले आन् बारा फ्लॅट उभे आहेत, आन् नकाशात जिथं पार्किंग लिहिलंय तिथं दोन दुकानं. ओसी नस्तीत नव्हतंच. रेराच्या साईटवर रात्री पाहिलं, तिथंही नऊ, आन् प्रोजेक्ट पूर्ण झाल्याची नोंद नाही. मालकाला कराची पावती मागितली तं व्हॉट्सॲपवर अर्धीच पाठवली, खालचा भाग कापलेला. पुन्हा मागितली तेव्हा शास्तीचा रकाना दिसला, भरलेला.

अजून एक केलं जे इथं कोणी सांगितलं नव्हतं. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदीचे उतारे काढले, सर्व्हे नंबर टाकून. बारापैकी पाच फ्लॅट सहा वर्षांत दुसऱ्यांदा विकले गेलेत, त्यातला एक तं तिसऱ्यांदा. राहायला आलेली माणसं एवढ्या लवकर काऊन निघून राहिली? तक्रारीचा एक कागद नाही, पण मला वाटते ही खरेदीखतं म्हणजेच तक्रारी आहेत.

साईटवरचा भाऊ, एकच विचारायचं होतं, माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा, तो तं मंजूर नकाशात आहे. चौथा मजला बेकायदेशीर असला तं माझ्यावर काय फरक पडते?

साईटवरचा:
खांब तर तेच ना भाऊ. तीन मजल्यांचा हिशोब करून खांब आणि पाया काढला, त्यावर चौथा चढवला, वर टाकी, लिफ्टची मशीन. ते वजन तुमच्या पहिल्या मजल्याच्या खांबातूनच खाली उतरतं. आणि लिफ्टचं लायसन विद्युत निरीक्षकाकडून मिळतं, ते मागा, आहे का पाहू. फ्लॅटला वेगळे मार्क देता येत नाहीत, इथं मार्क पूर्ण बिल्डिंगीला. मी तुमच्या जागी असतो तर टोकन दिलं असेल तरी मागे फिरलो असतो.

जुना_बाबू:
मीबी हेच म्हनतो. अन् बँकबी ओसीशिवाय खळखळ करन. पन भाऊ, जुनीची नस्ती पाह्यली का? थ्या दोन तक्रारी कायच्या होत्या?

पूर्णाकाठ:
तेच सांगायला आलो बाबूकाका. त्या दिवशी पाच वाजून गेले होते म्हणून या सोमवारी पुन्हा गेलो.

जुनीची नस्ती जाड निघाली. मंजूर नकाशा, तीन मजले, जागेवर तीन. ओसी आहे, पिवळं पडलेलं पण सहीशिक्क्यासकट. तक्रार एक, नऊ वर्षांपूर्वीची, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची, गच्चीचं पाणी भिंतीतून उतरते म्हणून. त्यावर स्थळपाहणीचा अहवाल, मग सोसायटीचं पत्र की सगळ्यांनी वर्गणी काढून गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, सोबत पावती, आन् शेवटी त्याच बाईंचं हातानं लिहिलेलं दोन ओळींचं पत्र, "आता गळत नाही, तक्रार मागे घेते." दुसरी तक्रार ड्रेनेजची, ती पण तशीच मिटलेली, नंतर पुन्हा नाही. म्हणजे अठरा वर्षांत आठ घरांमधून दोन तक्रारी, दोन्ही राहणाऱ्यानं सही करून मिटवलेल्या. मी ज्या दोन कागदांमुळं ही बिल्डिंग सोडली होती ते वाचताना मला लाज वाटली. इथं लोक बोलतात आन् ऐकूनही घेतात, आन् आई एकटी राहणार आहे तं मला असेच शेजारी पाहिजेत.

मग दोन्ही जागी जाऊन खांबाचे बुड पाहिले. नवीत दुकानाच्या मागे पायऱ्यांखाली खांबावर पांढरा थर, बोटानं पुसून जिभेला लावला तं चक्क खारट. वर वीतभर उंचीवर उभी भेग, गजाच्या सरळ रेषेत, कडेला तांबूस. नुकताच रंग दिलेला आहे पण भेग रंगातून वर आली. जुनीत खांबाचे कोपरे जरा खरबडले आहेत, पण थर नाही, भेग नाही. वॉचमन नाही तिथं, एक आजोबा झाडांना पाणी टाकत होते, त्यांनी सांगितलं की बांधताना नदीपलीकडून गोड्या पाण्याचे टँकर आणले होते, तेव्हा सगळ्यांनी बिल्डरला येड्यात काढलं होतं. हे कोणत्याच कागदात नाही.

अकोट_ते_टोरंटो:
दादा, वाचून बरं वाटलं. भाच्याच्या पद्धतीनं नुसता आकडा काढला असता तर जुनीला दोन उणे आणि नवीला शून्य आलं असतं. एक सुचवतो, जे कागद तुम्ही काढले त्यांची नावं आणि कुठं मिळाले ते एका जागी लिहून ठेवा, पुढच्या माणसाचे दोन सोमवार वाचतील.

वरूडची_ताई:
मी पण सांगते, परवा पत्र पाठवलं, रजिस्टर एडी, परातीच्या फोटोसकट. काल बिल्डरच्या माणसाचा फोन आला, बघायला येतो म्हणाला. मिस्टर म्हणाले होते नको, पण मी म्हटलं सही माझी आहे. आता बाजूच्या दोघी विचारून राहिल्या की नमुना दे, आमच्याकडे पण गळते.

साईटवरचा:
ताई, तो माणूस आला की तोंडी काही मान्य करू नका, काय करून देणार आणि कधीपर्यंत, ते लिहून घ्या. नुसतं आतून पुट्टी मारून जाईल, वरच्या बाथरूमचा ट्रॅप आणि टाईलखालचं वॉटरप्रूफिंग उघडून पाहायला लावा. आणि त्या दोघींनाही वेगवेगळं पत्र द्यायला सांगा, एकावर तिघींच्या सह्या नकोत.

पूर्णाकाठ भाऊ, जुनीच्या खरबडलेल्या कोपऱ्यांचा फोटो टाका. कव्हर, म्हणजे गजावरचा काँक्रिटचा थर, गेलं असेल तर आताच पॉलिमर मॉर्टरनं भरून घेता येईल, फार खर्च नाही. आणि बोअरचं पाणी घरगुती वापरालाच ठेवा, गच्चीच्या दुरुस्तीत वापरू देऊ नका.

जुना_बाबू:
अन् खरेदीच्या आधी ओसीची नक्कल साक्षांकित करून घ्या भाऊ, आपल्याजोळ ठेवा. बस्ते भिजतेबी अन् हरवतेबी. आमच्या वक्ताले एका पावसाळ्यात अर्धं कपाट गेलतं.

पूर्णाकाठ:
हो काका, अर्ज दिला नकलेचा. फोटो संध्याकाळी टाकतो. जुनीच्या मालकाशी भावाचं बोलणं झालं, आईनं मात्र अजून होकार दिला नाही. ती म्हणते कागद तू पाहिले, मले जिना पाहू दे. येत्या रविवारी तिला घेऊन जातो, बावीस पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंनी कठडा आहे, मधे टेकायला जागा आहे. ती चढून गेली आन् तिनं खिडकी उघडून पाहिली तं मग टोकन देतो.